मूळव्याधीचं निमित्त

खानावळ चालवणाऱ्याला माणसाचं तोंड नंतर दिसतं, ताट आधी दिसतं. ही अक्कल माझी नाही, माझ्या बायकोची. जेवून उठलेल्यांची ताटं गोळा करता करता ती मला हळूच सांगायची, "ह्याचं घरी भांडण झालंय. ह्याचा आज पगार झाला. हा पिऊन आलाय, नुसती आमटी वरपली, भाकरी तशीच." मी हसायचो. आता ती नाही आणि ताटं मीच उचलतो. उचलता उचलता मलाही बघायची सवय लागली.

आमची खानावळ चाकणजवळ कुरुळीत, पत्र्याची. रस्त्याच्या पलीकडे मोकळी जागा आहे, तिथं ट्रेलरची लाइन लागते. कंपनीतून नवीन गाड्या भरून घ्यायला नंबर येईपर्यंत ड्रायव्हर तिथंच पडून असतात. कधी एक दिवस, कधी तीन. ते जेवायला माझ्याकडे येतात, शिवाय आसपासच्या खोल्यांमधली कंपनीतली पोरं. मी चौथी शिकलेला माणूस. भोसरीला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होतो. ते बंद पडलं तेव्हा बायको म्हणाली, भाकरी तर मला येतीच. तेव्हापासून भाकरी तिची आणि गिऱ्हाइकांशी भांडणं माझी.

ती गेली त्याला आता दुसरं वर्ष. छातीत गाठ होती. लाजेनं कुणाला बोलली नाही. "आंघोळ करताना हाताला लागायची," हे तिनं मला दवाखान्यातल्या खाटेवर सांगितलं, आणि तोवर डॉक्टर माझ्याशी बोलताना खिडकीकडे बघायला लागले होते. मी तिच्यावर चिडलो होतो. अजून चिडलेलोच आहे. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर राग धरू नये. नसेल धरू. माझा सुटत नाही.

आमच्याकडे येणाऱ्या ड्रायव्हरांत एक लातूरकडचा होता. पस्तिशीच्या आतला, उंच, आवाज मोठा. ट्रेलरवर गाड्या चढवून पार चेन्नई, गुवाहाटीपर्यंत जायचा. महिन्यातून एकदा-दोनदा इथं लाइनीला लागायचा. बायको गावाकडे, लग्नाला सहा-सात वर्षं झालेली, लेकरू नाही. माझी बायको होती तेव्हा हा तिच्याकडून ठेचा वेगळ्या वाटीत मागून घ्यायचा आणि बाकीच्यांना दाखवून दाखवून खायचा.

तोच माणूस एकदा आला आणि म्हणाला, "मामा, दही हाय का?"

भाकरी दह्यात कुस्करली, अर्धी खाल्ली, अर्धी ठेवली. पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेला नुसता दहीभात, तोही गिळताना मान वाकडी करून. शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला होता. पाणी द्यायला गेलो तेव्हा त्यानं जांभई दिली. जिभेवर आणि गालाच्या आतून पांढरं पांढरं चिकटलेलं. वाटलं दही असेल. पण तो तांब्याभर पाणी प्याला, पुन्हा बोलायला तोंड उघडलं, पांढरं तिथंच.

त्याच दिवशी संस्थेची ताई आली. ही बाई आठवड्यातून एकदा लाइनीवर येते. खांद्याला पिशवी, पिशवीत निरोधाची पाकिटं आणि छापील कागद. आवाज असा की ट्रेलरचा हॉर्न गप्प बसावा. माझी बायको, म्हणजे तिच्या मावशी, तिला जेवल्याशिवाय सोडत नसे, तीच रीत मी चालू ठेवली होती.

एकानं छेडलं, "ताई, आज काय फुकट?"

"तुझी अक्कल सोडून सगळं."

सगळे हसले. मग ती म्हणाली की भोसरीच्या सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी फुकट होते, नाव कुणाला कळत नाही, लांब गाड्या चालवणाऱ्यांनी एकदा तरी करून घ्यावी. लातूरवाल्यानं गळ्यातलं कार्ड वर काढलं.

"आमचं झालंय, ताई. ट्रान्सपोर्टवाला दर वर्षी मेडिकल करतो. रक्तसुद्धा घेतेत. हे बघा, फिट."

बाकीच्यांनीही माना हलवल्या. सगळ्यांच्याच गळ्यात तसली कार्डं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. रक्त काढलं म्हणजे त्यात जे काय असेल ते सगळं दिसत असणार. आमच्या वर्कशॉपमध्येही मेडिकल व्हायचं, आम्हीही फिट होतो.

ताईनं घास खाली ठेवला. "रक्त घेताना तुला कुणी विचारलं होतं? एचआयव्ही बघू का म्हणून?"

"इचारायचं काय त्यात? रांगेत उभं केलं, सुई टोचली, चल पुढं म्हणाले."

"मग ती बघितलीच नाही. ती तपासणी तुला विचारल्याशिवाय, समजावून सांगितल्याशिवाय करता येत नाही. कायदा आहे तसा. त्यांनी तुझी साखर बघितली असेल, रक्त कमी आहे का बघितलं असेल. फिट म्हणजे तेवढ्यापुरतं फिट."

कोपऱ्यातला एक जण म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं आपण फक्त गोड न्हाई एवढंच कळलं होय?" पुन्हा हशा झाला. लातूरवाला हसला नाही. त्यानं कार्ड शर्टाच्या आत टाकलं आणि दहीभात तसाच ठेवून उठला.

संध्याकाळी भाकरीचं पीठ मळायच्या आधी मी त्याच्या ट्रेलरपाशी गेलो. तो चाकाला टेकून बसला होता. मला गोड बोलता येत नाही.

"तुझ्या तोंडात काय झालंय?"

"तंबाखूनं झालंय, मामा. जाईल."

"ताप येतो?"

"येतो-जातो. काय नाही."

"माझी बायको असंच म्हणायची. काय न्हाई, काय न्हाई."

मग मी विचारलं, "गावाला कधी जायचंय?"

"पंधरा दिसानं जत्रा हाय. बायको वाट बघायली."

"मग तिच्याकडं जायच्या आधी बघून घे. तुझं तू मरशील, तिचा काय दोष?"

तो उठलाच. "मामा, तुमी मला काय समजायलात?"

"ड्रायव्हर समजतो. कुठं काय केलंस ते मला सांगू नको, मला ऐकायचंबी न्हाई."

मला वाटलं आता हा मारतो की काय. पण खाली बसला. बराच वेळ माती उकरत राहिला. मग जे बोलला त्यावरून कळलं की तपासणीची भीती आहेच, पण त्याहून मोठी अडचण लाइनीची आहे. लाइन सोडून जायचं असेल तर गाडीची चावी मागच्या ड्रायव्हरकडे द्यावी लागते, म्हणजे लाइन सरकली की तो आपली गाडीही पुढं घेतो. आणि चावी देताना कारण सांगावं लागतं. लाइनीतल्या माणसांकडे वेळच वेळ असतो. एकाचं कारण दिवसभर सगळ्यांना पुरतं.

"भोसरीला कामून गेलता म्हणून इचारतील. काय सांगू?"

"सांग, मामाला दवाखान्यात न्यायचंय."

"तुमाला काय झालंय?"

"मूळव्याध."

"मूळव्याधच कामून?"

"दाखव म्हणून कुणी मागं लागत न्हाई."

तो हसला. महिन्या-दोन महिन्यांत पहिल्यांदा हसताना बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका मित्राची दुचाकी घेऊन तो आला. मी कण्हत मागे बसलो. लाइनीतले ड्रायव्हर ओरडून सल्ले देत होते. "मामा, ताक प्या!" "मामा, खड्डा आला की उभं राहा!" मोशीपर्यंत मी कण्हायचं सोडलं नाही, कोण कुठं भेटेल सांगता येत नाही.

दवाखान्यात तपासणीच्या खोलीबाहेर बाक होतं. तिथं बसल्यावर त्याचं अवसान गळालं.

"मामा, आधी तुमी करा. मग मी."

"मी? आता सत्तरी उलटून गेली माझी."

"मग मी चाललो."

गेलो आत. टेबलापलीकडे एक मॅडम होत्या, माझ्या नातीच्या वयाच्या असतील, मला नात असती तर. त्यांनी दार लावून घेतलं आणि खालच्या आवाजात एकेक विचारायला लागल्या. "आजोबा, शेवटचा शरीरसंबंध कधी आला होता?"

"कुणाशी?"

"कुणाशीही."

"पोरी, बायको जाऊन दुसरं वर्ष चालू हाय. त्याच्या आधी ती आजारी. आता काय ते तूच लिही."

त्यांनी हसू दाबलं आणि लिहिलं. "मग तपासणी का करावीशी वाटली?"

"बाहेर एक जण बसलाय, त्याला सोबत म्हणून."

त्यांनी पेन बाजूला ठेवलं. "आजोबा, सोबत म्हणून रक्त घेत नाही आम्ही. तुमची स्वतःची इच्छा असेल तरच."

आयुष्यात इतक्या सुया टोचून घेतल्या, हे मला कुणी विचारलं नव्हतं. म्हणालो, "इच्छा हाय."

माझ्यात काही निघालं नाही. मग तो गेला. त्याला आत बराच वेळ लागला. एकदा रक्त घेतलं, मग पुन्हा थांबवलं, मग दार बंद करून बोलत बसले. छातीचा फोटो काढायला पाठवलं. मी बाकावर बसून बाकीची माणसं बघत होतो. कंपनीचा ड्रेस घातलेला एक, साडी नेसलेला एक, कॉलेजातली वाटणारी दोन पोरं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी मात्र सगळ्यांकडे बघत होतो, म्हाताऱ्याला कोण काय बोलणार?

परतताना मोशीचा पूल ओलांडल्यावर त्यानं रसवंतीपाशी गाडी थांबवली. दोन ग्लास सांगितले. निम्मा रस पिऊन झाल्यावर म्हणाला, "निघालं, मामा."

मी माझा ग्लास रिकामा केला.

"मी मेलो का आता?"

"उसाचा रस पिताना मेलेला माणूस मी अजून बघितला न्हाई."

मग मॅडम काय म्हणाल्या ते त्यानं सांगितलं. गोळ्या फुकट मिळतील, रोज घ्यायच्या, जन्मभर. तोंडातलं पांढरं औषधानं जाईल. कामावर जाता येईल. बायकोला सांगून तिची तपासणी लवकर करायची, तोवर जपून राहायचं. "अन् म्हणाल्या, बरं झालं वेळेवर आलात."

वेळेवर. हा शब्द बायकोच्या वेळी मला दवाखान्यात कुणी म्हणायला हवा होता, त्यांनी तो याला म्हटला. मी ग्लास तोंडाला लावून ठेवला, रस संपला होता तरी.

आता एक सांगतो, आणि जसं झालं तसं सांगतो. त्या दुपारी त्याचं ताट धुताना माझा हात थांबला. ते ताट मी वेगळं, चुलीमागं ठेवलं. पुढच्या खेपेला ताई आली तेव्हा तिला वाढता वाढता हळूच विचारलं. नाव घेतलं नाही. "ताई, एखाद्याला ते असलं, तर ताट वेगळं ठेवावं लागतं का?"

ती जेवत राहिली. "अण्णा, मी किती वर्षं जेवतेय इथं?"

"लई वर्षं."

"कुठल्या ताटात?"

"हाताला लागंल त्या."

"मग?"

मला कळायला वेळ लागला. ती माझ्याकडे बघत होती. दोन भाकऱ्या खाऊन तिसरीला हात घालणारी, उन्हातान्हात लाइनीवर फिरणारी धडधाकट बाई.

"मीपण गोळ्या घेते, अण्णा. मावशींना पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, अजून एक भाकरी घे, रोड दिसतीस."

मी चुलीकडे गेलो आणि जाळ नसलेल्या चुलीत फुंकर घालत बसलो. अख्ख्या लाइनीच्या ताटांच्या गोष्टी माझ्या बायकोनं मला सांगितल्या होत्या. ही एक नाही सांगितली. पोटात ठेवता यायचं तिला. दुसऱ्याचंही, आपलंही. मग उठलो, चुलीमागचं ताट काढलं आणि बाकीच्या ताटांत मिसळून टाकलं. कुठलं ते आता मलाही ओळखता येणार नाही.

तो जत्रेला गेला नाही. बायकोला फोनवर सांगितलं, लोडिंग आलंय. पहिले काही दिवस गोळ्यांनी त्याला चक्कर यायची, भलतीसलती स्वप्नं पडायची. मग सवय झाली. तोंड साफ झालं. पण गावाचं नाव काढलं की विषय बदलायचा. ताई म्हणायची घाई कर, मी म्हणायचो घाई कर.

"ती सोडून जाईल, मामा."

"जाईल तर जाईल. न सांगता तिला आजारी पाडलंस तर कुठं जाईल?"

शेवटी गेला. चार दिवस फोन लागला नाही. पाचव्या दिवशी दुपारी खानावळीच्या दारात उभा, आणि त्याच्या मागे हातभर अंतरावर त्याची बायको. काटकुळी, डोक्यावर पदर, हातात पिशवी. बाकावर बसली आणि मला म्हणाली, "मामा, ह्यांना सांगा, पाणी द्या म्हणावं."

तो शेजारीच उभा होता. त्यानं पाणी दिलं.

"ह्यांना सांगा, ठसका लागला मला, हळू द्यावं."

असंच पुढं चालू राहिलं. नवरा-बायकोचं सगळं बोलणं माझ्यामार्फत. तो लाइनीवर नसला तरी ती येऊन मला निरोप देऊन जायची. मी तिला एकदा वैतागून म्हणालो, "मला पगार द्या मग." तेव्हा पदराआड हसली.

तिची पहिली तपासणी साफ निघाली. पण मॅडम म्हणाल्या, रक्तात दिसायला वेळ लागू शकतो, तीन महिन्यांनी पुन्हा करू. भाऊ तिला न्यायला गावाहून आला. ती त्याला म्हणाली, "तपासणी झाल्याबिगर मी कुठंच येत नाही. झाल्यावर बघू, यायचं का राहायचं." मागच्या गल्लीत खोली घेतली आणि जवळच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली. नवरा त्या खोलीत दाराजवळ झोपायचा, ती आत. हेही तिनंच मला सांगितलं.

त्या तीन महिन्यांत माझी मूळव्याध फार गाजली. त्याच्या गोळ्या आणायला दर महिन्याला जायचं, म्हणजे दर महिन्याला मी कण्हत निघायचो. एका ड्रायव्हरनं स्कूटरची जुनी ट्यूब फुगवून, वर कापड शिवून मला बसायला गादी करून आणली. आता नाही कसं म्हणणार? बसतो तिच्यावर. चांगली आहे. एक दिवस साताऱ्याकडचा एक जण चहाच्या वेळेला जवळ सरकला.

"मामा, ही तुमची मूळव्याध… ती सगळ्यांचीच बघतात का तिथं?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो चहात बघत होता.

"बघतात. आधी विचारतात, मग बघतात."

"तुमी याल का संगट?"

त्याच्यानंतर आणखी एक आला. मग एक कंपनीतलं पोरगं, ड्रायव्हर नसलेलं. कुणाचं काय निघालं ते मला माहीत नाही आणि मला सांगायचं कुणाला कारणही नाही. संध्याकाळच्या ठरावीक वेळेला कुणाच्या तरी मोबाइलवर गोळीचा गजर वाजतो आणि तो पाण्याचा तांब्या मागतो. मी पुढं करतो.

दुसऱ्या तपासणीच्या दिवशी आम्ही तिघं भोसरीला गेलो. ते दोघं दुचाकीवर, मी बसनं. तो सकाळपासून काही खात नव्हता. ती आत गेल्यावर दाराकडे पाठ करून भिंतीला कपाळ लावून उभा राहिला. मी त्याला बस म्हटलं नाही. दवाखान्याच्या भिंतीला कपाळ लावून मीही उभा राहिलेलो आहे. त्या वेळी माणसाला खुर्ची दिली तरी उपयोग नसतो.

दार उघडलं. मॅडमनी त्यालाही आत बोलावलं. तो जाईना म्हणून तिनंच दारातून डोकं बाहेर काढलं. "साफ हाय. आत या." मग माझ्याकडे बघून, "मामा, तुमीबी."

तिनं नवऱ्याशी सरळ बोललेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

आत तीनच खुर्च्या होत्या, मी उभा राहिलो. मॅडम सांगत होत्या की दोघांनी असंच जपून राहायचं, तिनं मधून मधून तपासणी करत राहायचं. ती मधेच म्हणाली, "मग लेकरू व्हईल का?"

त्यानं मान खाली घातली. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो. ती मात्र मॅडमच्या तोंडाकडे बघत होती, भाजीचा भाव विचारल्यासारखी सरळ.

"होईल की," मॅडम म्हणाल्या. "यांनी गोळ्या एक दिवसही न चुकवता घेतल्या, तर रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही. तसा तो दबून राहिला की तुम्हाला लागण होत नाही. ती तपासणी करू, मग डॉक्टर सांगतील कधी ते. तोवर घाई नाही करायची."

"घाई कुठंय? सात वर्षं झाली लग्नाला." मग नवऱ्याकडे वळली. "ऐकलं का? एक दिवसबी नाही चुकवायची."

तो "हाव" म्हणाला. मग पुन्हा "हाव" म्हणाला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. ती त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली, दुसऱ्या हातानं पदर सारखा करत.

मी बाहेर आलो. बायकोवरचा राग त्या बाकावर बसून पुन्हा एकदा आला. ह्या बाईनं परक्या माणसांसमोर, माझ्यासमोर, सरळ विचारलं. माझ्या बायकोला एक वाक्य बोलता आलं नाही. पण या वेळी रागासोबत तिची आठवणही आली, भाकरी थापताना कानशिलावर लागलेलं पीठ मनगटानं पुसायची ती. आधी नुसता रागच यायचा.

ते दोघं बाहेर आले. दुचाकीपाशी तिनं आग्रह धरला, मामांनी मध्ये बसावं, तिघं जाऊ. मी म्हणालो, पुढच्या चौकात पोलीस धरेल आणि तुझ्या नवऱ्याला पुन्हा रडायला लागेल. ती हसली आणि मागे बसली. सकाळी निघताना दोघांच्या मधे तिची पिशवी होती. आता ती तिनं खांद्याला अडकवली होती.

मला बस लवकर मिळाली नाही. मिळाली ती भरलेली, शिफ्ट सुटलेली. एका पोरानं उठून जागा दिली. खानावळीत पीठ मळायचं राहिलं होतं, दुपारची गिऱ्हाइकं येऊन बंद दारापुढं मला शिव्या देत असणार. देऊ देत. मी खिडकी उघडली आणि वारं घेत बसलो.